मोरचूद, सॉफ्टनर आणि चेरी श्रिंप: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न नाशिक शहर आणि निफाड तालुक्यातून आले आहेत. विषय एकच: गोड्या पाण्याची, झाडं लावलेली टाकी आणि तीत लाल चेरी श्रिंप, म्हणजे शोभेची छोटी कोळंबी. उत्तरांतली सगळी मापं दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीची आहेत. खडी घातल्यावर तीत साधारण ४५ लिटर पाणी राहतं. टाकी लहान-मोठी असेल तर त्या हिशेबाने मापं बदला.

दोन फुटी टाकी घेतली आहे. दुकानदार म्हणतो, आज पाणी भरा आणि उद्या श्रिंप सोडा. चालेल का? (सिडको, नाशिक)

नाही. किमान दीड महिना थांबा.

आधी जागा बघा. भरलेली टाकी जवळजवळ ७० किलोची होते, त्यामुळे टेबल डळमळीत नको. काचेखाली फोमची शीट घाला. तळाला २ ते ३ मिलिमीटरची खडी ५ सेंटिमीटर जाड पसरा, १४ किलोच्या आसपास लागेल. खडी धुतल्यावर मूठभर वेगळी काढून तिच्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तीत चुना आहे आणि ती पाण्याचा जडपणा वाढवत राहील. शेतातली काळी माती तळाला घालायचा मोह होतो, पण ती फुगते आणि झाड उपटलं की सगळं पाणी गढूळ करते. मुळांसाठी खडीत खताच्या गोळ्या खोचलेल्या बऱ्या.

फिल्टर स्पंजचाच घ्या. त्यात पिल्लं ओढली जात नाहीत आणि स्पंजवर जमलेला थर श्रिंप दिवसभर खात बसतात. झाडांत जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन पुरे. फर्न आणि अनुबियासचं आडवं जाड खोड खडीत पुरू नका, सडतं. ते दोऱ्याने लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळल्यासारखी होतील. झाड उपटू नका, मुळांतून नवी पानं येतात. लाइट रोज ६ तास.

आता दीड महिना का? माशांच्या किंवा श्रिंपच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ श्रिंपला मारक आहेत, आणि हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. त्यांना खाद्य म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा अमोनियम क्लोराइड ०.२८ ग्रॅम टाका. त्याने लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. तेवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की जिवाणू बसले. मग निम्मं पाणी बदला आणि आणखी दोन आठवडे टाकी तशीच चालू ठेवा. काचेवर बोटाला बुळबुळीत लागणारा थर आला पाहिजे. पिल्लांचं खरं अन्न तेच, दुकानातल्या गोळ्या नव्हेत.

श्रिंप सुरुवातीला १० ते १५ आणा. पिशवीतलं पाणी श्रिंपसकट भांड्यात ओता आणि हवेच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन थेंब या बेताने त्यात सोडा. भांड्यातलं पाणी तिप्पट झालं की श्रिंप जाळीने उचलून टाकीत सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

दर रविवारी अर्धं पाणी बदलतो, टाकी स्वच्छ आहे, टीडीएस ४८० आहे. तरी दोन-तीन दिवसांनी एक श्रिंप मरते. मेलेल्या श्रिंपच्या मानेभोवती पांढरी रेघ दिसते. सोसायटीत बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून येतं. टेस्ट किटवर जीएच १ दिसतो. (इंदिरानगर, नाशिक)

कारण तुमच्याच पत्रात आहे. टीडीएस मीटर पाण्यात किती क्षार आहेत एवढंच सांगतो, कोणते ते सांगत नाही. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. म्हणून आकडा ४८०, पण कवच बांधायला लागणारे क्षार जवळजवळ नाहीत. श्रिंपचं पाणी पारखताना टीडीएसपेक्षा जीएच, म्हणजे जडपणा, आधी बघावा. चेरीला तो ६ ते १० अंश असावा.

श्रिंप वाढताना कात टाकते. डोक्यावरचं कवच आणि पोट यांच्या सांध्यात पाठीकडून फट पडते आणि एका झटक्यात ती बाहेर येते. कवच नीट बनलेलं नसेल तर ती फट गोल फिरून पूर्ण वळं होते आणि श्रिंप आत अडकून मरते. तुम्हाला दिसते ती पांढरी रेघ हीच. त्यात दर रविवारी अर्धं पाणी बदललं की अंगाची तयारी नसताना कात टाकली जाते. दोन्ही कारणं एकत्र आली आहेत.

सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं किंवा महापालिकेचं पाणी मिळत असेल तर त्याचा जीएच मोजा. ६ ते १० असेल तर तेच वापरा. जास्त असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळा. बोअरचा टीडीएस ६०० आणि आरओचा ५० असेल, तर एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ मिळून २३३ होतो. चेरीला १५० ते ३०० चालतो. दोन्ही मिळत नसेल तर १० लिटर आरओ पाण्यात १.४ ग्रॅम जिप्सम, ०.७ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ०.६ ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. जीएच ६ आणि केएच, म्हणजे कार्बोनेटचा जडपणा, २ होतो. जिप्सम हळू विरघळतं, म्हणून रात्रभर हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) त्यात सोडून ठेवा.

हे पाणी एकदम भरू नका. आठवड्यातून दोनदा साडेचार लिटर बदला. महिन्याभरात जीएच ४ च्या आसपास येईल. तोवर एखाद-दुसरी श्रिंप जाईलही, पण घाईने बदललंत तर सगळ्याच जातील. टाकलेली कात काढू नका, श्रिंप ती खातात.

दोन गोष्टी अजून. घरच्या आरओत पाण्यात तांबं सोडणारं कार्ट्रिज असेल तर ते पाणी टाकीत नको. तसंच तांब्याच्या हंड्यात साठवलेलंही नको. महापालिकेच्या पाण्यातला क्लोरिन घालवायला २० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट २०० मिलीलिटर पाण्यात विरघळवून ठेवा. १० लिटरला १ मिली घाला, पावसाळ्यात क्लोरिनचा वास तीव्र आला तर २ मिली.

आमची द्राक्षबाग आहे. घरात १३:००:४५, ००:५२:३४, १९:१९:१९, चिलेटेड लोह आणि मायक्रोन्यूट्रिएंट ग्रेड २ असतंच. टाकीतल्या झाडांना वेगळी महागडी बाटली कशाला? (पिंपळगाव बसवंत)

यातली तीन खतं टाकीला उत्तम चालतात, दोन अजिबात नाहीत.

नावातले आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. २० ग्रॅम ५०० मिली पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे १० मिली दिले की नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढतं. ००:५२:३४ चं १ ग्रॅम दुसऱ्या ५०० मिलीत घ्या. १० मिलीला फॉस्फेट लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढतं. १२ टक्क्यांचं चिलेटेड (ईडीटीए) लोह ४ ग्रॅम तिसऱ्या ५०० मिलीत, त्याचे ५ मिली. लोह लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम होतं. ही मात्रा आठवड्यातून एकदाच. तिन्ही बाटल्या वेगळ्या ठेवा. लोह आणि फॉस्फेट एकाच बाटलीत ठेवले तर साका होऊन तळाला बसतो. मॉस, फर्न यांसारखी सावकाश वाढणारी झाडंच असतील तर निम्मी मात्रा पुरे.

१९:१९:१९ नको, कारण त्यातला बराच नत्र युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो. बागेत ते ठीक, टाकीत तोच अमोनिया. १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट) चंही तेच.

ग्रेड २ मध्ये २.५ टक्के लोह आणि १ टक्का तांबं असतं. झाडांना लोह पुरेसं द्यायला गेलात की त्याच्या ४० टक्के तांबं सोबत जातं. एक ग्रॅम टाकलं तरी ४५ लिटरमध्ये तांबं लिटरमागे ०.२२ मिलिग्रॅम होतं. श्रिंपच्या टाकीत ते ०.०३ च्या वर जाऊ देऊ नये. श्रिंपच्या रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या द्रव्यात तांबं असतंच, त्यामुळे कणभर त्यांना लागतं, पण वाढलं की कल्ले निकामी होतात. त्यातून वाचवणारं औषध नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण द्राक्षवाल्या घरात सगळ्यात मोठा धोका खताचा नाही, बादलीचा आहे. बुरशीसाठी फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटरला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) असतं, म्हणजे लिटरमागे २,५०० मिलिग्रॅम तांबं. बादलीच्या तळाला चमचाभर राहिलं तरी तुमच्या टाकीत तांबं लिटरमागे ०.२८ मिलिग्रॅम होतं. टाकीची बादली, मग आणि नळी वेगळी ठेवा आणि त्यांवर ठळक खूण करा. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या फवारण्यांच्या दिवसांत बागेतून आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुऊनच टाकीत घाला. कीटकनाशकांचं तर श्रिंपशी उघड वैर आहे. त्यांचं शरीर किड्यांच्याच घराण्यातलं. त्यामुळे फवारलेल्या शेतातला पालक उकळूनसुद्धा घालू नका. डासांसाठी धुरळणी चालू असेल तर खिडक्या लावा, हवेचा पंप बंद करा आणि टाकीवर ओलं फडकं टाका. धूर विरला की पंप पुन्हा चालू करा.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ अंशांवर जातं. बर्फ टाकू का? (पंचवटी)

बर्फ नको, तासाभरात तापमान वर-खाली होतं. झाकण काढून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा, २ ते ४ अंश उतरतात. नाशिकचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे हा उपाय इथे चांगला चालतो. उडालेलं पाणी रोज भरा, पण साध्या आरओने. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, आणि नळाचं पाणी भरत राहिलात तर मेअखेर जीएच बराच चढलेला असेल. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून रात्रीही हवा चालू हवी.

गप्पी आणि श्रिंप एकत्र राहतील का? निळे आणि लाल श्रिंप मिसळले तर? (सिन्नर)

मोठ्या श्रिंपना गप्पी सहसा त्रास देत नाहीत, पिल्लं मात्र वेचून खातात. मॉस दाट असेल तर थोडी वाचतील. रंग मिसळू नका, दोन-तीन पिढ्यांत तपकिरी पिल्लं येतात. मादीने पोटाखाली अंडी धरली की साधारण महिन्याभरात पिल्लं बाहेर पडतात, आईसारखीच, फक्त २ मिलिमीटरची. त्या महिन्यात एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त पाणी बदलू नका.