मोठ्या दुरुस्त्या म्हणजे नकार का?

प्रश्न : माझ्या शोधनिबंधावर एका जर्नलकडून पाच महिन्यांनी दोन परीक्षकांचे मिळून १९ आक्षेप आणि ‘मोठ्या दुरुस्त्या आवश्यक’ असा शेरा आला. दरम्यान दुसऱ्या एका जर्नलने, शुल्क भरल्यास सात दिवसांत निबंध छापू, असे ईमेलने कळवले आहे. निबंध तिकडे द्यावा का?

उत्तर : देऊ नये. आपल्याला मिळालेला शेरा हा नकार नव्हे. निबंध नकोच असता तर संपादकांनी तसे स्पष्ट कळवले असते. पुष्कळ निबंध तर परीक्षकांपर्यंत न पोहोचताच परत येतात. पुढे स्वीकृती मिळेलच अशी हमी नाही, पण संपादकांना आपला निबंध पुन्हा वाचावयाचा आहे.

आता खरी मेहनत सुधारित निबंधासोबत संपादकांना पाठवायच्या उत्तरपत्रावर घ्यावी. प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपले उत्तर आणि बदलाचे नेमके ठिकाण द्यावे. ‘सूचनेनुसार सुधारणा केली आहे’ एवढ्याने परीक्षकाचे समाधान होत नाही. ‘नमुनानिवडीची पद्धत आता पृष्ठ ६, ओळी १४ ते २१ येथे सविस्तर दिली आहे’ असे लिहिल्यास त्याची शोधाशोध वाचते. एखादी सूचना पटत नसेल तर ती सकारण नाकारता येते. मात्र परीक्षकाला आपला मुद्दा कळलाच नाही असे वाटले, तर आधी स्वतःचे वाक्य पुन्हा वाचावे, कारण दोष बहुधा तिथेच सापडतो. दोन्ही परीक्षकांच्या सूचना परस्परविरोधी असतील तर कोणती मानावी हे संपादकांनाच विचारावे.

दुसऱ्या जर्नलविषयी सांगायचे तर, एकाकडे विचाराधीन असलेला निबंध रीतसर मागे घेतल्याशिवाय दुसरीकडे पाठवणे प्रकाशननीतीत बसत नाही. शुल्क घेणे हा दोष नव्हे, सर्वांना विनामूल्य वाचता येणारी अनेक चांगली जर्नले ते घेतात. पण योग्य परीक्षक मिळवून, त्यांच्याकडून वाचून घेऊन, दुरुस्त्या करवून सात दिवसांत छापणे जवळजवळ अशक्यच आहे. ईमेलमधील आयएसएसएन क्रमांकालाही भुलू नये, कारण तो नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे, दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध अशा ३०४ शुल्क घेणाऱ्या जर्नलांकडे पाठवला होता. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

दुरुस्त्यांना दिलेली मुदत अपुरी वाटत असल्यास ती संपण्यापूर्वीच वाढवून मागावी, सहसा मिळते.