‘खुकरी’वरच्या आजोबांचे नाव कुठे कोरावे?

प्रश्न : माझे चुलत आजोबा १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस खुकरी’बरोबर बुडाले. त्यांचा देह मिळाला नाही. घरात आहे तो गणवेशातला एक फोटो आणि नौदलाकडून आलेली तार. ते ज्या शाळेत शिकले, तिथे फलक लावावा असे आम्हा नातवंडांना वाटते. त्यावर काय लिहावे, कार्यक्रम कधी ठेवावा? श्राद्ध कोणत्या दिवशी करावे, असेही घरातले वडीलधारे विचारतात.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : फलक अवश्य लावा. ज्यांची कबर समुद्राखेरीज कुठेच नाही, त्यांची नावे जमिनीवर जपण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या अविभाजित हिंदुस्थानातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ६,५०० जणांची नामावलीही तिथेच असून, त्यांतले बहुतेक व्यापारी जहाजांवरचे होते. त्यांची आठवण फारच थोड्यांना आहे, याची खंत वाटते.

‘खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने डागलेल्या टॉर्पेडोमुळे काही मिनिटांतच बुडाली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. जहाज न सोडणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीवला समुद्रासमोरच्या टेकडीवर काचघरात या जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, २०१९ मध्ये खुल्या झालेल्या त्यागचक्राच्या भिंतींवर, स्वातंत्र्योत्तर युद्धांतील हुतात्म्यांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. एकदा सहकुटुंब जाऊन तिथे आजोबांचे नाव शोधावे, असे मी आग्रहाने सांगेन.

फलकावर विशेषणांची गर्दी नको. सेवानोंदीत आहे तसेच पूर्ण नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, जहाज, तारीख आणि ‘अरबी समुद्रात, दीवजवळ’ हे स्थळ, एवढे पुरेसे आहे. कारण तेच त्यांचे विश्रांतिस्थान आहे आणि आपल्याकडच्या मुलांना ते नकाशावर शोधता आले पाहिजे. तारेतील तपशील ताडून पाहावा. नोंदी कशा मिळवायच्या, याचे मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मागता येईल. फलक मुख्याध्यापकांच्या दालनात न लावता, मुले रोज जातात-येतात त्या भिंतीवर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा.

कार्यक्रम नौदल दिनी, म्हणजे ४ डिसेंबरला, ठेवण्याचा आग्रह कुणी धरेल. पण तो दिवस कराचीवरील यशस्वी हल्ल्याच्या गौरवाचा आहे. आपण ९ डिसेंबरच धरावा, हेच मला उचित वाटते.

श्राद्धाचे म्हणाल, तर मृत्यूचा दिवस ठाऊक असल्याने पंचांगात पाहून त्या तिथीला वार्षिक श्राद्ध करता येते. शिवाय शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी राखलेली आहे. घरची परंपरा आपल्या पुरोहितांना विचारून त्याप्रमाणे ठरवावे.