अर्ध्यावर न सुटणारी रहस्यकथा

प्रश्न : वर्षाला जेमतेम दोन-तीन पुस्तकं वाचून होतात. जाडजूड कादंबरी अर्ध्यावरच सुटते. खिळवून ठेवणारी एखादी गुन्हेकथा सुचवाल का?

उत्तर : ताई, अगाथा ख्रिस्तीची १९३९ सालची 'अँड देन देअर वेअर नन' घ्या. बेटावर अडकलेली दहा माणसं, जेवणाच्या टेबलावर चिनीमातीच्या दहा बाहुल्या. माणूस गेला की एक बाहुली गायब! मी रात्री दहाला उघडली ती पहाटे दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा मिटली. मालिकेतली नाही, त्यामुळे आधीचं काही वाचलेलं लागत नाही. तेवढीही सवड नसेल, तर शेरलॉक होम्सची 'द स्पेकल्ड बँड' ही कथा एका बैठकीत होते. फक्त शेवटचं पान आधी उघडू नका, अगदी कळकळीने सांगते.