सिस्टरांना विचारलं तर राग पोरावर निघेल का?

"मॅडम, सिस्टरांना सारखं विचारलं तर त्या पोरावर राग काढतील का हो?" मुलांच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकलाय, तोही कुजबुजत.

त्या पावसाळ्यात विचारणारी आई सहा वर्षांच्या मुलाजवळ बसली होती. डेंग्यू. पाचव्या दिवशी ताप उतरला, तिला वाटलं सुटलो. नेमक्या त्याच दुपारपासून सिस्टर दर तासाला यायला लागल्या. बीपी, नाडी, हातपाय गार पडलेत का ते बघायचं, लिहायचं, निघायचं. बोलल्या त्या एवढंच, "लघवी मोजायला सांगितलं होतं ना? फेकली का?" आईनं अर्थ लावला, पोराचं बिघडलंय आणि लपवतायत.

खरं तर डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच जास्त जपायचे असतात. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, बीपी उतरू शकतो, लघवी कमी होते. सलाइन किती द्यायचं ते त्यावर ठरतं. सिस्टरांना हे पाठ होतं, आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

सिस्टरांशी बोलले तर त्या वैतागल्या. "चाळीस पोरं आणि आम्ही दोघी. कुणाकुणाला समजावू?" चूक नव्हतं त्यांचं. (आम्हा समुपदेशकांना एकदा रात्रपाळी लावायला हवी.) मी एवढंच म्हटलं, बीपीचा पट्टा फुगतो तेवढ्या वेळात आईशी दोन वाक्यं बोला. आणि "कळलं का?" विचारू नका, त्यावर सगळे मान डोलावतात. "आता काय काय बघाल, सांगा" म्हणा.

संध्याकाळी त्यांनी तसं केलं. आईनं बोटांवर मोजून सांगितलं: पोट दुखलं, उलट्या झाल्या, सुस्त पडला, लघवी कमी झाली तर हाक मारायची. रात्री दोनला तिनं मारलीही. पोटात दुखत होतं. डॉक्टर आले, तपासलं, सलाइन वाढवलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर? आवाज चढतो कधीकधी, नाही म्हणत नाही. पण गप्प बसलेल्या आईपेक्षा विचारणारी आई सिस्टरांच्या जास्त कामाची असते. इंजेक्शन भरताना नको, खाटेपाशी आल्या की विचारा.

त्या आईनं बिस्किटाच्या पुड्याच्या मागे रात्रभराच्या लघवीच्या वेळा आणि मापं लिहून ठेवली होती. सकाळच्या सिस्टरांनी तो कागद केसपेपरला टाचला.