वाचकांचे प्रश्न : पिचरचं कोपर

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. मुलगा नववीत, चौदा वर्षांचा, दोन वर्षं शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकणारा, आहे. हाताला वेग आहे असं सगळे म्हणतात. रिंकू सिंगबद्दल (क्रिकेटवाला नव्हे, बेसबॉलचा) मोबाइलवर पाहिल्यापासून ‘मी अमेरिकेत प्रोफेशनल पिचर होणार’ हेच चाललंय. महिन्याभरापासून कोपर आतल्या बाजूने दुखतंय असं तो आईजवळ बोलला, पण ‘सरांना सांगू नका, स्पर्धा तोंडावर आहे’ म्हणाला. त्याला खेळू द्यावं का? आणि या पिचर लोकांचं आयुष्य असतं तरी कसं?
— एक पालक, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, अमेरिकेचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं ‘सरांना सांगू नका’ वाचलं आणि माझं बाकी कशात लक्ष लागेना. आजपासून त्याचं फेकणं बंद करा. स्पर्धा तोंडावर असली तरी बंद. सरांना तुम्ही स्वतः भेटून सांगा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तिथे फक्त ‘कोपर दुखतं’ एवढंच सांगू नका. तो पिचिंग करतो आणि आठवड्यातून किती दिवस करतो, हेही सांगा.

चौदाव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून वाढत असतं. वाढीच्या जागी कूर्चेची पट्टी असते. जोरात बॉल टाकताना दर वेळी त्या पट्टीवर ताण येतो. मोठ्या खेळाडूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटतं, वाढत्या मुलाची ही पट्टी त्याआधी दुखावते. वेळेवर थांबलं तर बहुतेक मुलं विश्रांतीने आणि व्यायामाने बरी होतात. दुखणं लपवून खेळत राहिलं, तर पट्टी हाडापासून सुटूसुद्धा शकते.

मी हे एवढ्या आग्रहाने का सांगते, तेही ऐका. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे बेसबॉल शिकायला एक मुलगा होता. उंच, सडपातळ, स्वभावाने अबोल. दोन दिवसांत तीन सामने होते आणि तिन्ही सामन्यांत मी त्यालाच माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं केलं, कारण आमच्याकडे त्याच्या जवळपास जाणारा दुसरा पिचर नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मुलं झाडाखाली डबे खात बसली होती. हा डाव्या हाताने भाकरी मोडत होता. उजवा हात नुसता मांडीवर. मी ते पाहिलं, आणि ‘लवकर आटप, मॅच आहे’ एवढंच म्हणाले. आम्ही जिंकलो. त्या दिवशीच्या फोटोत चषक त्याच्या डाव्या हातात आहे. त्याने त्या दोन दिवसांत किती पिच (बॅटरकडे टाकलेले बॉल) टाकले हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी मोजलेच नव्हते. तो पुन्हा पिचर झाला नाही. आता ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवतो, भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि त्याचं ते कोपर पूर्ण सरळ होत नाही. चूक माझी होती, त्याची नव्हे. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये छोटी वही असते, आणि माझ्या मैदानावर दर पिचला त्या वहीत एक रेघ पडते.

अमेरिकेत मेजर लीग (तिथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि तिथल्या बेसबॉल संघटनेने मुलांसाठी जे आकडे ठरवले आहेत, ते मी सगळ्या पालकांना लिहून देते. १३-१४ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच टाकावेत. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. ५१ ते ६५ झाले तर तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. ज्या दिवशी पिचिंग केलं त्या दिवशी कॅचरही (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा) व्हायचं नाही, कारण कॅचरलाही दर वेळी बॉल परत फेकावा लागतो. आणि वर्षातले किमान चार महिने हाताला पूर्ण सुट्टी, त्यातले दोन-तीन महिने सलग. द्राक्षाच्या वेलीलाही वर्षातून किती विसावा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार!

दुसरं, त्याचा हात कुठून चालतो ते बघा. तुमच्या वडिलांनी बाजरीच्या मळ्यात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली असेल. दगड दोरीच्या टोकाला असतो, पण जोर येतो टाचेतून आणि कमरेतून. पिचिंगचंही तसंच आहे. पाय, मांड्या, कंबर, छाती, खांदा आणि सगळ्यात शेवटी कोपर, मनगट, बोटं. पाय थकले की मूल तेवढाच वेग काढायला नुसता हात झटकतं, आणि सगळा भार कोपरावर येतो. दमलेला पिचर मैदानाबाहेर काढला पाहिजे तो यासाठी. बरा झाल्यावर त्याला पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लावा, क्रिकेट, कबड्डी, काय आवडेल ते खेळू द्या. वर्षाचे बारा महिने एकच खेळ या वयात नकोच.

आता त्याच्या रिंकू सिंगविषयी. रिंकू आणि दिनेश पटेल हे दोघे उत्तर प्रदेशातल्या साध्या घरांतले भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात वेगवान हात शोधण्याची एक स्पर्धा झाली. डावखुऱ्या रिंकूने ती जिंकली तोपर्यंत दोघांनाही बेसबॉल धड माहीत नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये टॉम हाउस या जाणत्या प्रशिक्षकाने त्यांना शिकवलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या संघाने करार केला आणि जुलै २००९ मध्ये दोघे व्यावसायिक सामन्यात उतरले. मला आजही ते आठवून अभिमान वाटतो. पण पुढचंही मुलाला सांगा. दिनेशला २०१० मध्ये संघाने मोकळं केलं. रिंकू सिंगल-ए या खालच्या व्यावसायिक पातळीपर्यंत चढला, मग कोपराने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली आणि कितीतरी हंगाम दुखापतीतच गेले. २०१८ मध्ये तो कुस्तीच्या करमणुकीच्या दुनियेत गेला. मेजर लीगमध्ये दोघेही पोहोचले नाहीत.

त्यांच्यात काही कमी होतं, असं मुळीच नाही. ती शिडीच तशी आहे. सगळ्यात खाली रूकी, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर. करार झालेल्यांपैकी बहुतेक जण मधल्याच कुठल्यातरी पायरीवरून घरी जातात. खालच्या पायऱ्यांवर गावोगाव बसने प्रवास, चार जणांत एक घर, आणि २०२३ च्या करारापर्यंत सिंगल-एच्या खेळाडूला वर्षाला साधारण ११ हजार डॉलर मिळायचे. त्या करारानंतर ते २६,२०० झाले. तिथल्या खर्चात एवढ्यावर भागवणं सोपं नाही.

रोजचं आयुष्य म्हणाल, तर सामना सुरू करणारा पिचर साधारण पाचव्या दिवशी माउंडवर येतो. त्या दिवशी नव्वद-शंभर पिच. मधल्या दिवसांत धावणं, ताकदीचे व्यायाम, हलके थ्रो, एक दिवस बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) कॅचरसमोर थोडे पिच, आणि पुढच्या संघाचा कुठला बॅटर काय मारतो याचा अभ्यास. मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. या मुलांना शिकायचं असेल, तर त्या ‘मधल्या’ दिवसांकडून शिकावं. आपल्याकडे रोज जीव तोडून टाकतो तो मेहनती, अशी समजूत आहे. ती मला बदलायची आहे.

‘दुखलं तर ऑपरेशन होतं की’ असं तुमचा मुलगा म्हणेल. ही मुलं मला म्हणतात. टॉमी जॉन हा मेजर लीगमधल्या डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर. जुलै १९७४ मध्ये त्याच्या कोपराचं लिगामेंट फाटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबरमध्ये त्याच्याच उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. पुन्हा पिचिंग करू शकण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांना वाटत होतं. जॉनचं १९७५ चं अख्खं वर्ष गेलं, पण तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे. त्याचं नाव शस्त्रक्रियेला पडलं ते त्यामुळे. पण परत यायला वर्षाहून जास्त काळ लागतो आणि सगळे परत येत नाहीत. शोहेई ओहतानीसारख्या मेजर लीगमधल्या जगप्रसिद्ध खेळाडूच्याही कोपरावर २०१८ आणि २०२३ अशी दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे. चौदाव्या वर्षी तिचा विचारही मनात आणायचा नाही.

खेळू द्या, भाऊ. अमेरिकेचं स्वप्नही मोडू नका. फक्त डॉक्टर हो म्हणेपर्यंत बॉल कपाटात, आणि नंतर रोजची वही. ती त्याने नाही, तुम्ही लिहायची. स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर क्रिकेट पाहिलं. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता वळतो म्हणतात, तो नजरेचा भास तर नाही?
— एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही काका, खरंच वळतो. बॉलवर १०८ दुहेरी टाके असतात. फिरता बॉल त्या टाक्यांसकट आजूबाजूची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः उलट बाजूला ओढला जातो. कर्व्हबॉलला पुढच्या दिशेने फिरकी दिली की तो नेहमीपेक्षा जास्त खाली कोसळतो. फास्टबॉलला उलटी फिरकी असते, म्हणून तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅटरला वाटतं की बॉल वर उठला. भास म्हणायचा तर तेवढाच. माउंडपासून होम प्लेटचं, म्हणजे बॅटरजवळच्या पाटाचं, अंतर १८.४४ मीटर. ताशी १५० किलोमीटरचा बॉल साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो, त्यात बॅटरने ठरवायचं तरी काय? क्रिकेटसारखी एक बाजू चकाकवणं तिथे चालत नाही, थुंकी लावण्यावर १९२० पासून बंदी आहे. मात्र नव्या बॉलची गुळगुळीत चमक जावी म्हणून मेजर लीगमध्ये सामन्याआधी प्रत्येक बॉलला न्यू जर्सीकडच्या नदीकाठचा खास चिखल चोळतात. मी एकदा गोदाकाठची माती चाळून, भिजवून आमच्या बॉलला लावून पाहिली होती. पकड खरोखर सुधारली.

प्रश्न : बाई, मी बारावीत आहे, सॉफ्टबॉलची पिचर. मला बेसबॉलचं पिचिंग शिकायचंय. मुलं हसतात. जमेल का?
— एक विद्यार्थिनी, सातपूर

उत्तर : जमेल गं. मीही सॉफ्टबॉलचीच पिचर. पण हे दोन वेगळे हात आहेत असं समज. तुझं अंतर ४३ फूट आणि बॉल खालून, इथे ६० फूट ६ इंच आणि बॉल वरून. सॉफ्टबॉलची ताकद आहे म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण अंतरावरून टाकायला जाऊ नकोस.

मेमी जॉन्सन ही कृष्णवर्णीय मुलगी १९५३ ते १९५५ इंडियानापोलिस क्लाउन्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघात पिचर होती. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाची तेरा वर्षांची मोने डेव्हिस लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉलच्या जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली मुलगी पिचर ठरली, तेही समोरच्यांना एकही रन न देता. पुढे कॉलेजात ती सॉफ्टबॉल खेळली, म्हणजे तुझ्या उलट वाटेने गेली.

४३ फुटांवरूनच वरून टाकायला सुरुवात कर. आठवड्यातून दोनच दिवस, सुरुवातीला प्रत्येक दिवशी वीस-पंचवीस थ्रो. खांदा किंवा कोपर कुरकुरलं नाही, तर दर पंधरा दिवसांनी तीन फूट मागे सरक. समोर बसायला चांगला कॅचर शोध, भिंतीवर एकटीने टाकत बसू नकोस. आणि पहिल्या महिन्याचे थ्रो तारखेसकट वहीत लिहून मला पाठव, मग पुढचं अंतर ठरवू.