जनावरांच्या दवाखान्यासाठी कुठलं बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर घ्यावं: ड्राय, रोटर की वेट?

ड्राय स्लाइडवालं घ्या, म्हणजे सुक्या रसायनांच्या स्लाइडवर सिरमचा थेंब टाकून टेस्ट करणारं. रोज चार-पाचच सॅम्पल येत असतील तर वेटच्या, म्हणजे द्रव रसायनांवर (रिएजंट) चालणाऱ्या मशीनच्या, नादी लागू नका. त्यात टेस्ट स्वस्त पडते, पण रिएजंटची मुदत, कॅलिब्रेशन, कंट्रोल (माहीत असलेल्या आकड्याचं सॅम्पल चालवून मशीन तपासणं) हे सगळं सांभाळायला कायमचा माणूस लागतो. सिरम चरबीने दुधाळ असलं किंवा थोडं लालसर झालं तरी स्लाइडवर त्याचा त्रास कमी होतो.

पण मशीनपेक्षा ट्यूब कोण भरतंय ते आधी बघा. यावरून माझं आणि आमच्या सीनियर डॉक्टरांचं चांगलंच वाजलं होतं. एका लॅब्राडोरचा रिपोर्ट आला: पोटॅशियम ११ मिलिमोल, कॅल्शियम ४ मिलिग्रॅमच्या खाली, एएलपी (एक एन्झाइम) जवळपास शून्य. सर म्हणाले, अ‍ॅडिसन (अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडण्याचा आजार; पोटॅशियम चढतं, सोडियम उतरतं) आहे, पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-ग्लुकोज काढा. मी म्हटलं, सर, एवढ्या पोटॅशियमवर हा शेपूट हलवत उभा राहील का? ईसीजी स्वच्छ, सोडियम नॉर्मल. अ‍ॅडिसनमध्ये कॅल्शियम असं तळाला जात नाही, उलट कधीकधी चढतं. हे ईडीटीए आहे, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये असतं ते रसायन.

आणि होतंच. हेपॅरिनच्या (हेही रक्त गोठू देत नाही, पण या टेस्टना चालतं) ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ओतलं गेलं होतं. ईडीटीएच्या क्षारातलं पोटॅशियम सॅम्पलमध्ये येतं, कॅल्शियम बांधलं जातं, एएलपीला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही. नव्याने रक्त घेतलं, सगळे आकडे जागेवर. तरी खापर मशीनवरच फुटलं आणि पुढे ते बदललंही गेलं. माझं आजही तेच म्हणणं आहे: तसलं सॅम्पल घातलं तर नवं मशीनही तेच आकडे देईल. म्हणून कुठलंही घ्या, कंट्रोल नियमित चालवा आणि हेपॅरिनची ट्यूब आधी भरा, ईडीटीएची नंतर.

रोटरबद्दल राहिलं, म्हणजे ज्यात टेस्टची रसायनं एका फिरत्या चकतीत असतात ते मशीन. सुमारे ०.१ मिली हेपॅरिनचं अख्खं रक्त पुरतं, सेंट्रीफ्यूज लागत नाही. पक्षी, पिल्लं जास्त येत असतील तर रोटरच बरा.

गायी-घोडे बघत असाल तर पॅनेलमध्ये जीजीटी आणि जीएलडीएच (लिव्हरची एन्झाइम्स) आहे का ते विचारा. एएलटी या एन्झाइमवरून त्यांचं लिव्हर कळत नाही. माणसांच्या लॅबचं जुनं मशीन कोणी देत असेल तर त्यावरची नॉर्मल रेंज वापरू नका. आणि किडनीच्या पेशंटचं क्रिएटिनिन दर वेळी एकाच मशीनवर करा, दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून वाढलं-घटलं ठरवू नका.