पहिलीचा वर्ग मिळालाय? आधी जांभळी नाक्यावर जा

अगं, महागडे गणित-किट मागवू नकोस. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घाऊकमध्ये मिळतात, तेवढं पुरे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानानुसार पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या यायला हव्यात. पण फळ्यावर ३४ लिहून दशक-एकक डोक्यात शिरत नाही. दहा काड्या मोजून जुडी मुलांनीच बांधायची. तू बांधून दिलीस, तर त्यातलं शिकणंच गेलं. मग ३४ म्हणजे तीन जुड्या नि चार सुट्या. वजाबाकीत ३४ मधून ६ काढताना सुट्या कमी पडतात, तेव्हा मूल आपणहून जुडी सोडतं. त्याआधी ‘हातचा’ हा शब्द काढूच नकोस.

गट चौघांचा ठेव, सहा झाले की दोघं नुसते बघे. मोजायला चिंचोके दिलेस तर ते नाका-कानात जातात, म्हणून मोठ्या बाटल्यांची झाकणं बरी. अक्षरं गिरवायला ताटात रवा पसर. पावसाळ्यात मात्र तो ओलसर होतो, त्या दिवसांत पाटीच बरी.

आणि आवरायला शेवटची सात-आठ मिनिटं राखून ठेव. काड्या मोजूनच डब्यात टाकायला लाव, तेही गणितच की!